इंग्रजी शब्द अक्षरगटांनी पाठ करा: मराठी माध्यमातून सीजीएलकडे येणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून स्पर्धा परीक्षेकडे वळलेल्या मुलांची इंग्रजीत खरी अडचण होते ती स्पेलिंगपाशी. आपल्याला ऐकू येईल तसं लिहायची सवय. सक्सीड, प्रिसीड, सुपरसीड हे तीन शब्द घ्या. देवनागरीत तिघांचाही शेवट ‘सीड’. इंग्रजीत मात्र पहिला संपतो सी-डबल ई-डी वर, दुसरा सी-ई-डी-ई वर आणि तिसरा एस-ई-डी-ई वर. कानाने यातलं काही कळत नाही, डोळ्यालाच सवय लावावी लागते. म्हणून ए ते झेड याद्या घोकण्यापेक्षा शब्द अक्षरगटांनी, म्हणजे एकसारखे अक्षरांचे तुकडे असलेले शब्द एकत्र घेऊन पाठ करा, असं मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

मी कळव्याच्या मराठी शाळेत शिकलो, ठाण्यात नौपाड्यातल्या अभ्यासिकेत बसून स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएलची (कंबाइन्ड ग्रॅज्युएट लेव्हल, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) तयारी केली आणि त्याच परीक्षेतून नोकरीला लागलो. टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण जातो. टियर टूला ४५ प्रश्न आणि १३५ गुण, तिथे एका चुकीला पूर्ण एक गुण. समानार्थी, विरुद्धार्थी, स्पेलिंग, वन वर्ड सबस्टिट्यूशन (शब्दसमूहाबद्दल एक शब्द) हे सगळं शब्दांवरच उभं आहे. गणितात पुढे असलेली मुलं इथेच मागे पडलेली मी पाहिली आहेत.

सुरुवात याच ‘सीड’पासून करा. सी-डबल ई-डी वर संपणारी क्रियापदं तीनच: सक्सीड, प्रोसीड, एक्सीड. एस-ई-डी-ई वर संपणारा शब्द एकच, सुपरसीड. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड, अॅक्सीड, इंटरसीड, सगळे सी-ई-डी-ई. म्हणजे चार शब्द लक्षात ठेवले की उरलेले आपोआप सुटतात. प्रोसीजर लिहिताना मात्र प्रोसीडमधला एक ई गळतो. हा प्रश्न परीक्षेत टाकायला सोयीचा असल्याने तो वेगळा लिहून ठेवा. सुपरसीडमध्ये एस का, हेही समजून घ्या. तो लॅटिनमधल्या ‘बसणे’ या धातूवरून आला: वर जाऊन बसणे. आपल्याकडचा सद् धातू त्याचाच भाऊ. सदन, सभासद, उपनिषद यांत तो आहे. सरकारी कचेरीत ‘ज्युनिअरने सिनिअरला सुपरसीड केलं’ म्हणतात तेव्हा अर्थ हाच असतो. एवढं कळल्यावर तो एस पुन्हा विसरत नाही.

आपल्याला संस्कृतची ओळख आहे, तिचा असा फायदा करून घ्या. एस-पी-ई-सी-टी हा गट बघा: इन्स्पेक्ट, सस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, स्पेक्टेटर, इन्ट्रोस्पेक्शन. सगळ्यांच्या मुळाशी ‘पाहणे’. संस्कृतातलं पश्यति आणि आपण रोज वापरतो तो ‘स्पष्ट’ हा शब्द, दोन्ही त्याच प्राचीन धातूचे. मला हा गट फार आवडतो, कारण यातला नवा शब्द समोर आला तरी निम्मा अर्थ हाताशी असतो.

आता धोका. अक्षरं सारखी म्हणजे घराणं एक, असं नेहमी नसतं. सी-आय-डी-ई वर संपणारे होमिसाइड (मनुष्यहत्या), रेजिसाइड (राजहत्या), पेस्टिसाइड (कीटकनाशक) हे मारण्याचे शब्द. जेनोसाइड (वंशसंहार) हा कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून घडवला. डिसाइडसुद्धा याच घराण्यातला, कापून वेगळं करणे या अर्थाने. पण कोइन्साइडचा (एकाच वेळी घडणे) मारण्याशी संबंध नाही. तो ‘पडणे’ या धातूवरून, अॅक्सिडेंट आणि इन्सिडेंटच्या घरातला. तसंच पी-ई-डी. पेडल, पेडेस्ट्रियन, बायपेड यांत लॅटिन ‘पाय’ आहे, म्हणजे आपला पाद. पेडॅगॉजी (अध्यापनशास्त्र) आणि पेडिअॅट्रिशियनमध्ये (बालरोगतज्ज्ञ) मात्र ग्रीक ‘मूल’. पेडॅगॉजीचा अर्थ पायाशी जोडणारी मुलं मी दर बॅचला बघतो.

म्हणून वहीची रचना अशी ठेवा: डाव्या पानावर वर ठळक अक्षरात गट, खाली घराणं, प्रत्येक शब्दापुढे तुमचं स्वतःचं छोटं वाक्य. उजव्या पानावर फक्त घुसखोर, म्हणजे तीच अक्षरं असूनही मूळ वेगळं असलेले. कोइन्साइड उजवीकडे. घुसखोर ओळखायला व्युत्पत्ती देणारा जाडा कोश लागतो. मोबाइलवरच्या अॅपमध्ये बहुधा नुसता अर्थ असतो. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जायची सवय तर लावून घ्याच.

ओ-यू-जी-एच वर फार वेळ घालवू नका. टफ, कॉफ, थ्रू, दो: चौघांचा शेवट एकच, उच्चार चार. त्या जी-एचचा पूर्वी घशातून उच्चार व्हायचा, नंतर कुठे तो गळला, कुठे ‘फ’ झाला. सरळ पाठ करा आणि पुढे जा.

रिसीव्हचा गट त्यापेक्षा मोलाचा. रिसीव्ह, डिसीव्ह, परसीव्ह, कन्सीव्ह या सगळ्यांत सीनंतर आधी ई, मग आय. नामं करताना रिसेप्शन, डिसेप्शन, परसेप्शन. पण रिसीटमध्ये न उच्चारलेला पी आहे आणि डिसीटमध्ये नाही! लॅटिन जाणणाऱ्यांनी मूळ दाखवायला तो पी घातला. रिसीटमध्ये टिकला, डिसीटमध्ये टिकला नाही.

ऐरोली-घणसोलीकडून येणाऱ्यांना ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर एका गटाची उजळणी सहज होते. वाचू नका; पान झाका, गटाचं नाव घ्या आणि शब्द आठवून कागदावर लिहा. स्पेलिंग हाताने लिहूनच पक्कं होतं. रविवारी मागच्या वर्षांची प्रश्नपत्रिका सोडवा आणि त्यात जो शब्द अडला, त्याचा गट पुढच्या आठवड्यात घ्या.