शेळीची धार काढली की तिला लगेच बसू देऊ नका (पावसाळी सल्ला)

मंडळी, आभाळ रोज भरून येतंय, गोठ्याची जमीन वाळायचं नाव घेत नाही, माश्या वाढल्यात, आणि नेमकं याच दिवसांत घरच्या दुधासाठी पहिल्यांदा शेळीखाली बसणारे पण बरेच असतात. म्हणून चारा-खुराकाचं मागाहून, आधी एकच गोष्ट. धार काढून झाली की सडाचं तोंड लगेच मिटत नाही, साधारण अर्धा तास तरी ते सैल, उघडं असतं. त्या अर्ध्या तासात शेळी ओल्या लेंड्या-मुतात बसली की जंतू सरळ वर कासेत जातात. कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो, तो नवख्यांच्या घरी जास्त करून असाच शिरताना मी बघितलाय.

माझी स्वतःची एक चांगली दुधाळ शेळी यातच गेली. धार नीट काढायचो, भांडं उचललं की दूध गाळायला घरात, आणि शेळी दिली सोडून, ती जाऊन बसायची कोपऱ्यातल्या ओलीत. झड लागल्यावर चार दिवसांत एक बाजू कडक झाली, करडू लुचायला गेलं की लाथ मारायची, मला वाटलं करडाचे दात लागत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर ती बाजू थंडगार आणि निळी-काळी पडलेली. डॉक्टरांनी शेळीचा जीव वाचवला पण अर्धी कास सडून गळून पडली, पुढच्या वेताला ती दुधाची राहिली नाही. औषधाचा दोष नव्हता, त्या अर्ध्या तासाचा होता.

तर धार संपली की हे करायचं:
- लगेच, त्याच मिनिटाला, दोन्ही सड आयोडीनच्या कपात पूर्ण बुडवायचे
- पुसायचे नाहीत, तसेच वाळू द्यायचे
- पुढे चारा टाकून शेळीला अर्धा तास उभीच ठेवायची
- कपातलं उरलेलं औषध फेकायचं, परत बाटलीत ओतायचं नाही

सड बुडवायला 0.5 टक्के उपलब्ध आयोडीन असलेलं द्रावण लागतं. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळतं ते 5 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, त्यात उपलब्ध आयोडीन साधारण तेवढंच असतं. 9 भाग ते आणि 1 भाग ग्लिसरीन घेतलं की सडाला भेगा पडत नाहीत. यापेक्षा महागडी रंगीत बाटली कोणी गळ्यात मारत असेल तर आधी लेबल वाचा, आत आयोडीनच निघतं बऱ्याचदा.

शेळीला उभं ठेवायची सोपी युक्ती म्हणजे सगळा खुराक धारेच्या वेळी घालू नका. थोडा खुराक स्टँडवर (धार काढताना शेळी उभी करायचा उंच ओटा), आणि पाला किंवा सुका चारा धारेनंतर उंचावर टांगायचा. पोट भरलं की शेळी लगेच बसते, चारा समोर असेल तर उभी राहते. आणखी एक, हे कुठे लिहिलेलं नाही, माझा अंदाज आहे, की झडीच्या दिवसांत घोळ संध्याकाळच्या धारेनंतरच जास्त होतो. अंधार पडलेला असतो, आपल्याला घाई असते, कप सापडत नाही, आणि शेळी रात्रभर बसणार असते. एखाद दिवस सकाळी विसरलात तर विसरलात, संध्याकाळचं बुडवणं चुकवू नका.

आता धारेआधीचं. कास पाण्याने भिजवून तशीच ओली धार काढणं हे दुसरं मोठं पाप, कारण पाणी वरची सगळी घाण घेऊन सडाच्या टोकाशी येतं आणि तुमच्या मुठीत उतरतं. फक्त सड पुसा, आणि कोरडे होईपर्यंत पुसा. प्रत्येक शेळीला वेगळं फडकं किंवा टिश्यू. कासेवरचे लांब केस कापून टाका, त्याला चिखल धरतो.

धार काढताना:
- हात साबणाने धुवून कोरडे करा, नखं कापा
- पहिल्या 2-3 धारा काळ्या कपात किंवा गडद फडक्यावर काढा, जमिनीवर नाही
- गाठी, दोरे, पाणचट दूध, रक्त दिसतंय का बघा
- अंगठा आणि पहिल्या बोटाने सड मुळाशी आवळा, मग बाकीची बोटं वरून खाली एकेक मिटा
- सड ओढू नका, अंगठा दुमडून पिळू नका
- दोन धारांमध्ये शक्यतो 12 तास ठेवा

पहिलारू शेळीचे सड बारीक असतात, मूठ बसत नाही, तिथे दोन बोटं आणि अंगठा वापरा पण ओढायचं नाही हे तिथेही तेच. पहिले आठ-पंधरा दिवस तुमचे हात दुखतील, दूध अर्धं सांडेल, शेळी भांड्यात पाय घालेल. चालतं. तिला मारू नका, पान्हा चोरते. शेळी गाभण असतानाच शेवटच्या महिन्यात स्टँडवर चढून खायची सवय लावली आणि पोटावरून, पायांवरून हात फिरवत राहिलात तर हा त्रास निम्मा होतो, पण तेव्हा सड पिळून बघायचा मोह नको.

करडांचं म्हणाल तर चीक आधी त्यांचा. जन्मल्यावर तासा-दोन तासांत पाजा आणि पहिल्या 24 तासांत वजनाच्या साधारण 10 टक्के पोटात जाऊ द्या, म्हणजे 3 किलोच्या करडाला 300 मिली, थोडं थोडं करून. नवीन माणसाने करडं दोन आठवड्यांची झाली की रात्री वेगळी बांधावीत, सकाळी एकच धार काढावी आणि दिवसभर करडं आईजवळ सोडावीत. एक वेळचं कमी होतं, आणि हात बसेपर्यंत तेवढंच पुरे.

बाकीचं थोडक्यात:
- खुराक: दर लिटर दुधामागे साधारण 300 ते 400 ग्रॅम, हळूहळू वाढवत
- पाणी: स्वच्छ, कायम समोर
- बसायची जागा: उंच फळ्यांचा माचा उत्तम, नाहीतर खाली चुना, वर कोरडा पेंढा, रोज बदलायचा
- दूध: लगेच गाळा, लगेच गार करा, 4 अंशापर्यंत
- कच्चं पिऊ नका: 63 अंशाला 30 मिनिटं तापवा किंवा सरळ उकळा, शेळीच्या दुधातून ब्रुसेला नावाच्या जंतूचा आजार माणसाला होतो
- भांडी: आधी कोमट पाणी, मग साबण आणि कडक गरम पाणी, उपडी वाळवा
- बोकड: दुधाच्या शेळ्यांपासून लांब, दुधाला वास लागतो
- जंत: पापणीच्या आतला रंग बघत राहा, फिका पांढरा पडला तर डॉक्टर

दूध वाढवायच्या पावडरी, कॅल्शियमच्या बाटल्या, पान्ह्याचं इंजेक्शन यांच्या मागे लागू नका. नवीन माणूस दिसला की विकणारे हेच पुढे करतात. इंजेक्शनची तर गरजच नाही, शेळीचं बरंचसं दूध कासेच्या खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, शांतपणे हात लावला तरी येतं. आणि कास सुजली म्हणून दुकानदाराने दिलेली ट्यूब सडात सारणं हे तर अजिबात नको. कोणता जंतू आहे ते माहीत नसताना घातलेलं औषध लागू पडेलच असं नाही, वर ट्यूबचं टोक घाणेरडं असेल तर तुम्हीच नवीन जंतू आत ढकलता. आधी डॉक्टरांना बोलवा, दुधाचा नमुना औषधाच्या आधी घ्यायला सांगा, आणि कोर्स मध्येच सोडू नका. औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध माणसाला द्यायचं नाही.

कासदाह आहे का हे बघायला दुधात मिसळायचं, बिघडलेल्या दुधात चिकट होणारं द्रावण (सीएमटी) मिळतं, स्वस्त पडतं आणि कामाचं आहे. फक्त शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, थोडं घट्ट झालं म्हणून घाबरू नका. दोन्ही बाजूंचं दूध शेजारी शेजारी ठेवून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा बरीच जास्त चिकट असेल तर तिथे गडबड आहे.

एक बाजू गरम, कडक, शेळी मागचा पाय फाकून चालते, खात नाही, ताप 40 अंशाच्या वर, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. कास थंड, निळसर वाटली तर त्याच तासाला, सकाळची वाट बघू नका. अशा शेळीची धार सगळ्यात शेवटी काढा, दूध करडांना पाजू नका, नाल्यातही सोडू नका, खड्ड्यात पुरा आणि हात धुवा.

पुढच्या वेताच्या साधारण 60 दिवस आधी शेळी आटवायची. खुराक कमी करा, मग धार बंद. त्या शेवटच्या धारेनंतर सड नीट बुडवा, जागा आठवडाभर एकदम कोरडी ठेवा, आणि रोज लांबून नाही, खाली वाकून, कासेला हात लावून बघा.