रेशो बरोबर तरी चेनची बोंब? गरारी निवडताना या चुका टाळा

इंदूरात घरगुती नमकीनचं युनिट टाकणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतंच, की मसाला ड्रमला (शेवेला मसाला लावणारा फिरता ड्रम) चेन लावायचीये, रेशो काय घेऊ. अहो, रेशो काढणं शाळेतलं गणित आहे, ड्रमकडच्या गरारीचे (म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, स्प्रॉकेटचे) दात भागिले मोटरकडच्या गरारीचे दात, झालं. लोक फसतात ते पुढे, त्या रेशोसाठी दात किती घ्यायचे यात.

स्पीड न ठरवता गरारी आणणं

सियागंजच्या बाजारात जी मिळाली ती आणली, लावली, आणि मग बघतात ड्रम किती फिरतो ते. उलटा कारभार आहे हा. तीन फुटी आडव्या ड्रमला ४४ आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास नेलं की शेव खाली पडतच नाही, भिंतीला चिकटून नुसती गरगर फिरते, मसाला लागणार कुठून? म्हणून आपण ३० धरू. फोर पोल (चार चुंबकीय ध्रुवांची) मोटर फुल लोडवर साधारण १४४० फिरते, म्हणजे ४८ पट कमी करायचंय. हे एकाच चेनने करायला गेलात तर १७ दातांच्या समोर ८१६ दातांची गरारी लागेल, ड्रमपेक्षा मोठी! एका चेनवर ५-६ पट ठीक, ७ च्या वर नकोच. मध्ये २०:१ चा गिअरबॉक्स टाका, आउटपुट ७२, उरला २.४ चा रेशो, तो चेनला द्या. मोटरकडच्या वेगवान बाजूला बेल्ट चालेल, चेन मात्र हळू बाजूलाच बरी, आवाजही कमी.

११ दातांचा मोह

खरी गडबड इथे होते. गिअरबॉक्सवर ११ आणि ड्रमवर २६ दात घ्या किंवा १९ आणि ४५ घ्या, दोन्हीत ड्रम ३०च्याच आसपास फिरणार, मग छोटी जोडी स्वस्त, गार्डमध्येही मावते, लोक तीच उचलतात. पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) तोच आणि गरारी लहान म्हटल्यावर चेनवरची ओढ वाढणारच ना. एक एचपीची मोटर, गिअरबॉक्सचा लॉस धरून आउटपुटला साधारण ८० न्यूटन मीटर मिळतात असं समजू. हाफ इंच चेनसाठी (पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच) १९ दातांच्या गरारीचा पिच व्यास, म्हणजे चेनच्या पिना ज्या वर्तुळावर फिरतात त्याचा व्यास, ७७ मिमी, तिथे ओढ येते २१० किलोच्या आसपास, आणि ११ दातांवर व्यास फक्त ४५, तिथे तीच ओढ ३६० किलो! ही सगळी ओढ गिअरबॉक्सच्या शाफ्टवरही येते, मग ऑइल सील गळायला लागलं की लोक गिअरबॉक्सवाल्याला शिव्या घालतात. शिवाय ११ दातांवर प्रत्येक कडी ३३ अंश वळते, १९ वर १९ अंश, म्हणजे पिन-बुश घासणंही जास्त. वेगातला झटकासुद्धा ११ वर ४ टक्के, १९ वर दीड टक्क्याच्या आत. १७ च्या खाली जाऊ नका, जागाच नसेल तर गोष्ट वेगळी.

चेन आणि गरारी वेगळ्या जातीच्या

४० नंबर आणि ०८बी या चेनच्या दोन जाती, दोघींचा पिच १२.७ मिमीच, म्हणून दुकानदार म्हणतो चलेगा. पण रोलर एकीचा ७.९२ आणि दुसरीचा ८.५१ मिमी, दातात नीट बसत नाही, दोन्ही एकाच जातीचं घ्या. बाइकची उरलेली चेन तर लावूच नका.

कड्या विषम येणं

विषम आल्या की हाफ लिंक (टोकं जुळवायची वाकडी कडी) टाकावी लागते, आणि ती चेनमधली सगळ्यात कमजोर कडी. १९-४५ ला ११२ कड्या घ्या, शाफ्टमधलं अंतर बसतं ५०५ मिमी, त्याप्रमाणे मोटरच्या बेसला स्लॉट ठेवा. दात विषम आणि कड्या सम असल्या की तोच दात त्याच कडीला सारखा सारखा भेटत नाही, झीज सगळीकडे वाटली जाते.

प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून पुढची गरारी बदलणं

गिअरबॉक्सवरची १९ काढून २५ लावली, ड्रम गेला ४० वर. एक तर ४४च्या जवळ आलात, शेवेचा चुरा होतो तो वेगळाच, आणि लोड तोच राहिला तर मोटरवर तीसेक टक्के बोजा वाढतो. क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजायचं मीटर) लावून अँपिअर बघा आधी, मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याच्या वर असेल तर गुपचूप १९ परत लावा.

बाकी, एकाच ठेक्यात टक-टक येत असेल तर एखादी कडी जाम आहे, हाताने फिरवून सापडते. चेन दातांवरून उड्या मारत असेल तर २४ कड्या ताणून मोजा, नव्या चेनमध्ये ३०५ मिमी भरतात, ३१४ झाल्या की चेन फेका, आणि दात हुकासारखे वाकले असतील तर गरारीही, नाहीतर नवी चेनही लवकरच संपेल. सैल बाजू खाली ठेवा, मध्यावर १०-१५ मिमी खेळ, आणि नवी चेन सुरुवातीला थोडी ढिली पडतेच, तेव्हा आठवड्याभराने मोटर सरकवून परत टाइट करा.