सोयाबीन निघाल्यावर पिल्ले कमी होतात? आधी चोर ओळखा

सोयाबीन निघाले की मुंगसाचा आडोसा जातो. उंदीर धुऱ्यावर आणि कुटाराच्या ढिगाखाली सरकतात, त्यांच्या मागोमाग मुंगूसही वस्तीजवळ येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परसातली पिल्ले कमी होऊ लागली, तर आधी वेळ बघा. मुंगूस दिवसा हिंडते. रात्री खुराड्यातून कोंबडी गेली, तर संशय उदमांजरावर किंवा रानमांजरावर घ्या. अंड्याच्या कवचाचा तुकडाही मागे राहिला नसेल, तर साप किंवा घूस असू शकते. टॉर्च मारल्याशिवाय आत हात घालू नका. मुंगूस अंडे मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडते, त्यामुळे कवचे आसपासच सापडतात.

वस्तीजवळ येणाऱ्या नेहमीच्या मुंगसाची ओळख: अंगावर फिकट-गडद कड्यांचे करडे केस, लांबलचक धड, जवळपास तेवढीच शेपटी, वजन किलो-दीड किलो. शेपटीचे टोक काळे आणि वर वळलेले असेल तर ते जंगलातले तांबूस मुंगूस. मोबाइलवर स्टोट आणि वीझल या थंड मुलखातल्या छोट्या शिकारी प्राण्यांसाठीचे सापळे दाखवतात. ते प्राणी विदर्भात नाहीतच, त्या सापळ्यांवर पैसे घालवू नका. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुंगूस मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे.

खरा इलाज जाळीत आहे. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. तिची तार वाकते. अर्धा इंच चौकोनाची वेल्ड जाळी घ्या. ती फूटभर खोल गाडा आणि खालचे टोक आणखी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवा. मुंगूस भिंतीला लागूनच उकरते, त्यामुळे त्याची नखे या वळवलेल्या जाळीवर अडतात. आपल्याकडे बिघडते ते इथेच: पाऊस थांबला की काळी माती आकसते, जाळीलगत भेग पडते आणि आयती वाट मिळते. म्हणून चर मातीने न बुजवता मुरमाने ठोकून भरा आणि दिवाळीनंतर एकदा फिरून पाहा. दाराखाली दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. पिल्ले पहिले सहा आठवडे झाकलेल्या जाळीतच राहू द्या. खुराड्याभोवतीचे गवत पाच-सहा फुटांपर्यंत कापा. मुंगूस मोकळ्यावरून जायला बिचकते.

धुऱ्यावरचे मुंगूस मात्र राहू द्या. हरभरा-गव्हात उंदीर खाणारा फुकटचा गडी आहे तो. ब्रोमॅडिओलोनसारखे विष उंदराच्या अंगात साठते आणि असा उंदीर खाल्ल्यास मुंगसालाही बाधते. आमिष उघड्यावर टाकू नका, बिळात खोल घालून तोंड बुजवा. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करा आणि दीड-दोन फूट खोल पुरा. उथळ पुरले तर कुत्री उकरून काढतात.