सोनकीचा नुसता पिवळा डाग का होतो? फुलांचे फोटो काढताना या चुका टाळा

सप्टेंबरात कासला गेलो होतो. पठारभर सोनकी. हौसेनं तीन-चारशे फोटो काढले, घरी येऊन लॅपटॉपवर उघडले आणि हिरमुसलो. पाकळ्यांवरच्या रेषा कुठेच नाहीत, नुसता पिवळा रंग सांडलेला. पठारावर कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (फोटोत कुठे किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) मात्र शहाण्या मुलासारखा मधोमध बसला होता.

घोटाळा तिथेच होता. कॅमेरा दाखवतो तो एकच पांढरा हिस्टोग्राम म्हणजे तिन्ही रंगांची गोळाबेरीज, आणि तिच्यात हिरव्याचं वजन जास्त. पिवळ्या-लाल फुलांत एकटा लाल चॅनेल (लाल रंगाचा वेगळा आलेख) कधीच उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो, म्हणजे त्यातला तपशील जळलेला असतो, आणि गोळाबेरजेत त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) सुरू करा. लाल उजवीकडे चिकटलेला दिसला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं बटण) उणे 0.7 किंवा उणे 1 करा आणि पुन्हा फोटो काढा. अजून एक मेख आहे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढत असलात तरी हिस्टोग्राम जेपीईजीवरून बनतो, त्यामुळे पिक्चर स्टाइल ‘व्हिविड’वर असेल तर तो खोटं बोलतो. ती ‘न्यूट्रल’ ठेवा.

असा फोटो आधीच काढून बसला असाल आणि फाइल रॉ असेल, तर सॅच्युरेशन वाढवू नका, उलट पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आणि ल्युमिनन्स (उजळपणा) दोन्ही खाली आणा. काही रेषा परत येतात. जेपीईजी असेल तर सोडून द्या.

फूल छोटं, म्हणून थेट मॅक्रो लेन्सच घ्यायची?

सीतेची आसवं हे फूल जेमतेम सेंटिमीटरभर. ते पाहून लोक पंचवीस-तीस हजारांची मॅक्रो शोधायला लागतात. आधी घरातली 50 मिमी एफ/1.8 बाहेर काढा आणि तिच्यामागे 25 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावा. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढं वर्धन वाढतं. म्हणजे इथे 0.5, खऱ्या आकाराच्या निम्मं. त्यात लेन्सचं स्वतःचं थोडं वर्धन मिळवलं की सेंटिमीटरचं फूल सेन्सरवर पाच मिलिमीटरहून थोडं मोठंच पडतं, आणि तेवढं पुष्कळ झालं.

ट्यूब घेताना मात्र थोडे पैसे वाचवायला बिनकॉन्टॅक्टची (विजेचे संपर्कबिंदू नसलेली) घेऊ नका. तिच्यातून कॅमेरा लेन्सशी बोलू शकत नाही. मग काही लेन्सांचं उजेड आत घेणारं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं राहतं, काहींचं पूर्ण मिटून व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होतो, आणि माणूस लेन्स बिघडली म्हणून दुकान गाठतो.

एवढ्या जवळून फोकसची खोली किती उरते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एकास एक वर्धनाला (फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं) एफ/8 वरही (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) ती मिलिमीटरच्या आतबाहेर असते. पुंकेसर धारदार आणि पाकळी धूसर, असं होतं ते यामुळेच. घाबरून एफ/22 वर गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) सगळंच मऊ पडतं. एफ/8 ते एफ/11 च्या दरम्यान राहा. फुलाचा जो भाग दाखवायचा आहे, त्याला कॅमेऱ्याची पाठ समांतर धरा. फोकस रिंग फिरवत बसू नका. रिंग एका जागी ठेवून आपणच श्वास रोखून केसभर पुढेमागे व्हायचं.

फोकस स्टॅकिंगचे (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक धारदार फोटो करण्याचे) व्हिडिओ बघून पठारावर जाणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथला वारा तुमच्यासाठी थांबणार नाही. दोन फ्रेममध्ये फूल इंचभर हललेलं असतं. शटर 1/500 सेकंद ठेवा, आयएसओ वाढू द्या, आणि दोन झुळुकांच्या मधे चार-पाच फोटोंचा बर्स्ट (लागोपाठ झटपट फोटो) मारा.

जुनी लेन्स, भोवरा आणि न उडणारं शटर

हेलिऑस 44-2 ही सोव्हिएत 58 मिमी लेन्स मागच्या पार्श्वभूमीचा भोवरा करते, म्हणून हौशी लोक ती मागवतात. पहिली तक्रार ठरलेली: शटरच उडत नाही. बिघाड काही नाही. अ‍ॅडॉप्टरवरची लेन्स मिररलेस कॅमेऱ्याला दिसत नाही, मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा लागतो. दुसरी तक्रार: भोवरा येत नाही. मोकळ्या आभाळापुढे तो येणारच नाही. फुलामागे काही मीटरवर उजेड झिरपणारी पानं हवीत आणि अ‍ॅपर्चर एफ/2 वर पूर्ण उघडं हवं. ट्यूब लावून अगदी जवळ गेलात की भोवरा विरतो, म्हणून हा खेळ तेरड्यासारख्या जरा मोठ्या फुलावर करा.

मोबाइलवाल्यांची चूक वेगळी. फूल जवळ आलं की फोन गुपचूप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि फोनचीच सावली फुलावर पडते. ऑटो मॅक्रो बंद करा, हातभर मागे या, 2एक्स किंवा 3एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड तर पुंकेसर कुरतडून खातो.

एडिटिंग

ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांचा तोल कॅमेऱ्यानेच ठरवायचा) काढलेल्या दहा फोटोंत एकच जांभळं फूल दहा छटांचं दिसतं. ढगाळ दिवसासाठी ‘क्लाउडी’वर कायम ठेवा, म्हणजे नंतर एक फोटो नीट करून बाकीच्यांना तेच लावता येतं. क्लॅरिटी (पोत ठसठशीत करणारा स्लायडर) पाकळीवर लावू नका, ती वाळलेली दिसते. शार्पनिंग मात्र हवं, पण फक्त कडांवर. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) शार्पनिंगच्या मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा. पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं. पार्श्वभूमी काळी होऊन पुंकेसर आणि पाकळीच्या कडा तेवढ्या पांढऱ्या उरल्या की थांबा. आणि फूल उजळवण्यापेक्षा भोवतालचं हिरवं थोडं काळवंडवलं तर ते आपोआप पुढे येतं. हे मला फार उशिरा कळलं.

आता पावसाळ्याचं. एका वर्षी सहलीवरून येऊन ओलसर बॅग तशीच कपाटात ठेवली. दसऱ्याला पूजेसाठी लेन्स काढली, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तेव्हापासून झाकणाचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा). काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मधे ठेवतो. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा भरतो.