गोव्यात नर्सिंग ट्यूटर म्हणून येताय? लॅबचे तास वेगळे लिहा

कोल्हापूर सोडून मी गोव्यात शिकवायला आले, त्याला आता बारा वर्षं झाली. पत्रादेवीचा नाका ओलांडून दरवर्षी नवे ट्यूटर येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कागदपत्रं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इथे गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. निघायच्या आधीच त्यामागे लागा.

आता सिम्युलेशन लॅब, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी डमीवर सराव करायची लॅब. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी.च्या 2020 च्या नियमावलीत लॅब आणि क्लिनिकल (वॉर्डात खऱ्या रुग्णांसोबतचं काम) यांचे क्रेडिट वेगवेगळे धरले आहेत. सेमिस्टर 20 आठवड्यांचं. लॅबचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला 2 तास, क्लिनिकलचा एक म्हणजे 4 तास. शिवाय पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते. तेव्हा वॉर्डातलं बुडालेलं पोस्टिंग डमीवर भरून काढू नका. माझ्या पहिल्या नोकरीत, एका खासगी कॉलेजात, लॅबचे तास लॉगबुकात सर्रास वॉर्डचे म्हणून चढवले जायचे. मी नवखी होते, गप्प सह्या केल्या. त्या सह्या मला आजही टोचतात.

कुणीतरी हमखास म्हणेल, ‘अमेरिकेत तर क्लिनिकलचे निम्मे तास लॅबमध्ये चालतात.’ तिथे प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड आपला नियम ठरवतं, आणि बऱ्याच राज्यांत 50 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तिला आधार तिथल्या 2014 च्या राष्ट्रीय अभ्यासाचा. पण त्या अभ्यासातले शिक्षक मुद्दाम तयार केलेले होते, आणि डमीवरच्या प्रत्येक प्रसंगानंतर विद्यार्थ्यांना बसवून नीट चर्चा व्हायची. ते सगळं सोडून नुसता आकडा आणायचा नसतो. ब्रिटनमध्येही प्रत्यक्ष सरावाच्या 2300 तासांपैकी 600 तासच सिम्युलेशनवर घेता येतात.

ही चर्चाच खरी शिकवणी. गेल्या पावसाळ्यात दम्याच्या रुग्णाचा प्रसंग घेतला होता. मॉनिटरवर डमीच्या रक्तातला ऑक्सिजन 92 टक्क्यांवरून 84 वर आणला. माझ्या विद्यार्थिनीने डोकं उंच केलं, मास्क लावला, डॉक्टरांना कळवलं. कुठेही चूक नाही. पण त्या पाच मिनिटांत रुग्णाशी ती एक शब्द बोलली नाही. चर्चेत ते तिचं तिलाच उमगलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून पलंगाआड एक विद्यार्थिनी बसते आणि डमीच्या वतीने कोंकणीत बोलते. समोरचीने ‘खंय दुखता?’, ‘उदक जाय?’ विचारल्याशिवाय मी प्रसंग पुढे सरकू देत नाही. सिंधुदुर्गातून पुष्कळ पेशंट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) येतात, म्हणून मालवणीही कानावर असू द्या. तुम्हीही पहिल्या महिन्यात वॉर्डातल्या आयांशी कोंकणीच बोला. चुकलात तर त्या सुधारतील, प्रेमाने सुधारतील.

आणि लॉगबुकात लॅबसाठी वेगळं पान आखून घ्या: तारीख, प्रसंग, तास, चर्चा किती वेळ झाली. सही त्याच दिवशी करा.