कामावरची इजा किंवा आजार भरपाईत बसतो का, हे कसं ठरवावं

कामावर कोणाचा हात प्रेस मशीनमध्ये गेला की सुपरवायझरपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच विचारतात: चूक कोणाची होती? भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या कामगारांची प्रकरणं मी बरीच वर्षं हाताळतोय आणि या एका प्रश्नापायी हक्काचे दावे सोडून दिलेले पाहिले आहेत. भरपाईच्या कायद्यात कामगाराचा निष्काळजीपणा हा दावा फेटाळण्याचं कारण नाही. कायदा विचारतो की इजा कामामुळे झाली का.

आधी पगाराची स्लिप पाहा. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होत असेल तर दावा ईएसआयकडेच जातो, मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआयची वेतनमर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. त्या योजनेबाहेरच्यांसाठी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मूळ कसोटी बदललेली नाही.

मग इजा किती दिवसांची ते पाहा. तीन दिवसांत माणूस कामावर परतला तर मालकाकडून भरपाई नाही. बोटाचं पेर तुटलं असेल तर ते कायमचं अपंगत्व आहे, तिथे दिवस मोजत बसू नका.

आता खरी अडचण. अपघात 'नोकरीतून' आणि 'नोकरीच्या ओघात' झालेला असावा लागतो. या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. हे मलाही सुरुवातीला नीट उमगत नव्हतं. 'ड्यूटीवर होता ना, मग मिळणारच' असं सांगणारे आजही भेटतात. ते अर्धंच सांगतात.

'ओघात' म्हणजे वेळ आणि जागा. ही अट मशीनपुरती किंवा गेटपुरती नाही. १९५७ साली मुंबईच्या बेस्ट बससेवेचा एक चालक ड्यूटी संपवून जोगेश्वरी डेपोतून दुसऱ्या बसने घरी निघाला आणि वाटेत बसच्या अपघातात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये तो प्रवास नोकरीच्या ओघातलाच मानला. स्वतःच्या वाहनाने कामावर जाणाऱ्यांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात त्याचा मृत्यू झाला. हे २००३ मधलं. त्याच्या घरच्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जुलै २०२५ मध्ये. नव्या संहितेत घर ते काम हा प्रवास स्पष्ट शब्दांत आहे. फक्त वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. पाळीचं वेळापत्रक आणि नेहमीचा रस्ता यांचे पुरावे लगेच गोळा करा. वाट वाकडी करून कोणी पाहुण्याकडे गेला असेल, तर तो संबंध सिद्ध करणं फार कठीण.

'नोकरीतून' म्हणजे कारण, आणि दावे इथे पडतात. हृदयविकाराचंच घ्या. ट्रक चालवताना अस्वस्थ वाटून गाडी बाजूला घेतलेल्या आणि तिथेच कोसळलेल्या एका चालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भरपाई मान्य केली, कारण लांब पल्ल्याच्या सततच्या ड्रायव्हिंगचा ताण दिसत होता. त्याआधी एका ट्रकच्या क्लीनरचाही हृदयविकाराने मृत्यू झाला होता. तिथे न्यायालयाने नकार दिला, कारण कामाच्या ताणाने झटका आला हे दाखवणारं काही समोर नव्हतं. म्हणून अशा वेळी मस्टर, ओव्हरटाइमची नोंद, आदल्या दिवसांच्या ट्रिपा, सोबत्यांचे जबाब हे आधी जमवा. 'कामावर असताना गेला' एवढ्यावर विसंबू नका.

आता सगळ्यात कळकळीने सांगतो. कारणाचा पहिला पुरावा म्हणजे हॉस्पिटलचा पहिला केसपेपर. जखमीला घेऊन येणारा बहुतेक वेळा कंपनीचाच माणूस असतो, आणि डॉक्टरने 'कसं लागलं?' विचारलं की उत्तर तोच देतो. 'घरी दारात बोट सापडलं' असं लिहिलेले केसपेपर मी पाहिलेत, आणि ते बोट पॉवर प्रेसने चिरडलेलं होतं. पुढे दहा साक्षीदार उभे केले तरी मालकाचा वकील तो एक कागद पुढे करतो. त्यामुळे जखमी शुद्धीत असेल तर त्याने स्वतः सांगायचं: कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता. नसेल तर घरचं कोणीतरी लगेच पोहोचून नोंद पाहा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची 'मेडिको-लीगल केस', नोंदवायला सांगा. 'कंपनी सगळा खर्च करतेय, कशाला वाद?' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. उपचाराचा खर्च मालकाने द्यायचाच असतो, तो भरपाईतून वजाही होत नाही.

स्वतःची चूक आड येते ती तीनच बाबतींत: दारू वा नशा, सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडणं, आणि सुरक्षा साधन जाणूनबुजून काढणं किंवा दुर्लक्षित करणं. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हे तिन्ही आक्षेपही चालत नाहीत. मशीनचा सुरक्षा गार्ड काढून प्रॉडक्शन वाढवायला सुपरवायझरनेच सांगितलं असेल, तर कामगाराने 'मीच काढला' अशा कागदावर सही करता कामा नये.

आजारांसाठी कायद्याची तिसरी अनुसूची पाहा. शिसं किंवा पारा यांची विषबाधा आणि आवाजामुळे आलेला बहिरेपणा यांसाठी त्या कामावर सलग सहा महिने असणं लागतं. तेवढं झालं की आजार कामामुळेच असं धरून चालतात. दगडखाण किंवा क्रशरवरचा सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस, सूतगिरणीतला बिसिनोसिस या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांना सरकारने ठरवलेला नोकरीचा काळ लागतो. इथे अनेक मालकांकडची वर्षं विचारात घेतात, म्हणून जुनी हजेरीकार्डं फेकू नका. नोकरी सुटल्यावर आजार उघड झाला म्हणूनही हक्क आपोआप बुडत नाही. छातीचा एक्स-रे 'टीबी' म्हणून वाचला गेला असेल आणि माणसाने आयुष्य धुळीत काढलं असेल, तर डॉक्टरला कामाचा इतिहास सांगून पुन्हा तपासून घ्या. कंबरदुखीसारखं यादीत नसलेलं दुखणं मात्र ठरावीक अपघाताशी थेट जोडता आलं तरच बसतं.

ठेकेदाराचा कामगार असला तरी मुख्य मालकाकडे मागता येतं. 'भरपाई नको' असं लिहून दिलेल्या कागदाला कायद्यात किंमत नाही. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम आयुक्तांकडे, म्हणजे हे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा व्हावी लागते, घरी आणून दिलेलं पाकीट म्हणजे भरपाई नव्हे.

हे सगळं जुळलं की मालकाला लेखी सूचना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. महाराष्ट्रात दावा कामगार न्यायालयात, आयुक्तांपुढे चालतो. १९२३ च्या कायद्यात त्याची मुदत दोन वर्षांची होती. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दोन्ही गोष्टी अर्जात स्पष्ट मागा.