फंगस लागलेल्या कॅसेटवरून 'ये जो है जिंदगी' परत कशी बघायची

माझ्या मावशीकडे १९८४ साली व्हीसीआर, म्हणजे टीव्हीवरचं कॅसेटवर रेकॉर्ड करून परत बघायचं मशीन, होता, काकांच्या भावाने मस्कतहून आणलेला, आणि शुक्रवारी रात्री दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' ही हिंदी विनोदी मालिका लागायची वेळ झाली की काका वायरवाला रिमोट हातात घेऊन जमिनीवर बसायचे. जाहिरात लागली की पॉज, संपली की पॉज सोडायचा. सोडायला दर वेळी एक सेकंद उशीर व्हायचा, त्यामुळे आमच्या कॅसेटवर प्रत्येक ब्रेकनंतरचं पहिलं वाक्य अर्धवटच आहे. तर अशा अकरा व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हिडिओच्या, कॅसेट मागच्या वर्षी मावशीच्या माळ्यावरून खाली उतरल्या, आणि त्यातल्या नऊ मी आत्तापर्यंत कॉम्प्युटरवर घेतल्यात. त्याआधी आमच्या घरातल्या लग्नामुंजीच्या कॅसेट करून झाल्या होत्या, मित्रांच्याही. म्हणजे हात बसलाय. ज्यांच्याकडे अशाच कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण इंटरनेटवर जे सल्ले फिरतायत ते वाचून डोकं फिरतं.

व्हीसीआर कुठून आणायचा ते तुमचं तुम्ही बघा. नवा मिळणार नाही, जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैमध्ये बनवणं थांबवलं, आणि तीच शेवटची होती. जुन्या बाजारातून, ओएलएक्सवरून, कुणाच्या तरी कपाटातून मिळेल तो घ्या, पण घेताना त्यात एक फालतू कॅसेट घालून पुढे-मागे-प्ले सगळं करून बघा. रबरी बेल्ट सैल पडलेला असतोच, तो बदलून मिळतो.

कॅसेट हातात आली की सगळ्यात आधी तिच्या पाठीवरची डाव्या कोपऱ्यातली प्लास्टिकची चिपटी मोडून टाका. ती असली तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जातं आणि संपलं. आमची सात नंबरची कॅसेट अशीच गेली, तिच्यावर आता क्रिकेटची मॅच आहे, कुठली ते बघायचीही इच्छा नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. थांबा. आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरा आणि पुढच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. टेपचं भेंडोळं काळंभोर, गुळगुळीत, चकचकीत दिसलं पाहिजे. त्याच्यावर पांढरे ठिपके, कापसासारखे धागे किंवा विभूती फुंकल्यासारखा थर दिसला तर तो फंगस आहे. मुंबई-कोकणात चाळीस पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटला फंगस नसेल तरच नवल.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. चार नंबरच्या कॅसेटवर काकांच्या अक्षरात 'ये जो है ४,५,६ – शेवटी मंगलाचं केळवण' असं लिहिलेलं, मला इतका आनंद झाला की मी सरळ ती मित्राच्या व्हीसीआरमध्ये ढकलली. दोन मिनिटं चित्र आलं, मालिकेतल्या रेणू आणि रणजीत या नवरा-बायकोचं काहीतरी भांडण चालू होतं, मग खालून वर मुंग्या यायला लागल्या, मग नुसत्याच मुंग्या. मला वाटलं कॅसेट खराब. म्हणून ती काढून मावशीच्या लग्नाची घातली, ती चांगली होती हे मला माहीत होतं, तर तिच्यावरही मुंग्या. तेव्हा कळलं की हेडमध्ये, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागात, फंगसचा कचरा भरलाय, आणि आता तो कचरा मी लग्नाच्या कॅसेटलाही चोळलाय. व्हीसीआरमधला तो चकचकीत ड्रम मिनिटाला १,५०० फेरे मारत असतो आणि त्याच्यावरची हेड इतकी बारीक असतात की एक कणही पुरतो. एक खराब कॅसेट मशीन बिघडवते आणि मशीन पुढच्या दहा कॅसेट बिघडवतं, साथीच्या रोगासारखं. मित्राने अजून मला त्यावरून ऐकवणं सोडलेलं नाही.

म्हणून फंगसवाली प्रत्येक कॅसेट वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि चांगल्या कॅसेटच्या जवळपाससुद्धा नाही.

यानंतर वाळवणं. याला शॉर्टकट नाही. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्यायचा, तळाशी सिलिका जेलचे रंग बदलणारे दाणे भरपूर घालायचे, कॅसेट उभी ठेवायची आणि किमान दहा-बारा दिवस विसरून जायचं. ओला फंगस पुसायला गेलात तर तो लगद्यासारखा पसरतो, वाळलेला असेल तर पूड होऊन झडतो, एवढाच मुद्दा आहे. दाणे गुलाबी झाले की बदला. आणि कृपा करून कॅसेट उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका, आणि ते ओव्हनमध्ये भाजायचं जे कुणीतरी लिहून ठेवलंय ते तर अजिबात नको. ते स्टुडिओतल्या काही जुन्या ऑडिओ टेपसाठी आहे, त्याचं कारण वेगळं, तापमान वेगळं, मशीन वेगळं. घरच्या ओव्हनमध्ये व्हीएचएसचा पापड होतो.

वाळली की बाल्कनीत जा. पंखा बंद, नाकावर एन-९५, हातमोजे. हे नाटक नाहीये, मी पहिल्या दोन कॅसेट तसाच करून आठवडाभर खोकत होतो. दमा असेल तर हे काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या.

कॅसेट पालथी करून पाच स्क्रू काढायचे, मग दोन्ही भाग हातात घट्ट दाबून धरून सुलटी करायची आणि वरचं झाकण सावकाश सरळ वर उचलायचं. पालथ्या अवस्थेतच उघडलीत तर आतल्या बारीक स्प्रिंगा उडतात आणि एक तरी नक्की हरवते. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी, टेप कुठल्या रोलरच्या आतून आणि कुठल्या खुंटीच्या बाहेरून गेलीय ते दिसेल असे. तुम्हाला वाटतं लक्षात राहील, राहत नाही.

आता दोन्ही रिळं दिसतील. त्यांच्या वरच्या बाजूला पांढरं बसलेलं असतं ते मऊ कोरड्या ब्रशने, मी चित्रकलेचा रुंद ब्रश वापरतो, मधून बाहेर असं झाडायचं. इथे कुठलंही लिक्विड लावायचं नाही. लोक भेंडोळ्यावरच अल्कोहोल ओततात, ते थरांच्या मध्ये झिरपतं आणि टेप एकमेकींना चिकटते, मग उलगडताना फाटते. झाडून झालं की दोन्ही रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात बसवायची. यासाठी कुठल्याही जुन्या सिनेमाची भंगारातली कॅसेट चालते, फक्त खोकं स्क्रूवालं पाहिजे. जुनं खोकं फेकून द्या. लेबल जपून काढून ठेवा, काकांचं अक्षर आहे.

मग टेप पुसणं. ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या, कॅसेटमध्ये साधारण २५८ मीटर टेप असते, ती सगळी कापडातून गेली पाहिजे, त्यामुळे हाताने करण्याच्या फंदात पडू नका. पूर्वी कॅसेट लायब्ररीवाल्यांकडे नुसतं रिवाइंड करायचं छोटं मशीन असायचं, तसं एक मिळवा आणि त्याचं झाकण काढून टाका. कॅसेटचा पुढचा फ्लॅप वर करून ठेवायचा, उघड्या टेपभोवती मऊ, धागे न सुटणारं कापड दुमडून चिमटीत अगदी हलकं धरायचं आणि मशीन चालू. पहिली फेरी कोरड्या कापडाने, दुसरी ९९ टक्केवाल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसत्या दमट केलेल्या कापडाने, तिसरी परत कोरडी. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. कापडाची जागा सारखी बदलत राहायची, नाहीतर पुसलेलंच परत लावत बसाल.

आणि कापडाकडे बघत राहा, ही मला कुणी सांगितली नव्हती ती गोष्ट. पांढरं-राखाडी आलं तर ठीक, फंगस निघतोय. चॉकलेटी डाग यायला लागले की तिथल्या तिथे थांबायचं. ते चॉकलेटी म्हणजे टेपवरचं ऑक्साइड, म्हणजे तुमचं चित्रच, तुम्ही मालिकेतल्या राजाचे विनोद कापडाला पुसताय. थोडासा रंग येणारच, पण पट्टा उमटायला लागला तर चिमूट सैल करा किंवा त्या कॅसेटला कोरड्या फेरीवरच सोडा.

टेप मध्येच तुटली तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद हेडवर जातो. टेप जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती मागच्या बाजूने लावा आणि प्ले करताना तो सांधा आला की मशीन थांबवून कॅसेट हाताने पुढे सरकवा.

व्हीसीआरचं हेड साफ करायचं असेल तर कॉटन बड नको, कापूस अडकतो. आमच्या भागातला जुना मेकॅनिक साधा प्रिंटरचा कोरा कागद घेतो, अल्कोहोलने भिजवतो, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरतो आणि ड्रम दुसऱ्या हाताने वरून फिरवतो. कागद हलवायचा नाही, वर-खाली तर मुळीच नाही, हेड तुटतं. कोऱ्या नोटेने घासायचा सल्ला देणाऱ्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

एवढं झालं की बाकीचं सोपं आहे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. मग प्ले, हेड टेपवर नीट जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण फिरवून मुंग्या कमीत कमी करायच्या.

कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबीचं कॅप्चर, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं यंत्र, लागतं. अगदी स्वस्तातलं घेऊ नका, मी घेतलं होतं, विसाव्या मिनिटाला आवाज पुढे आणि ओठ मागे. सेटिंगमध्ये पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. शक्यतो एमपीफोरमध्ये सरळ घेऊ नका, हफवाययूव्हीसारख्या लॉसलेसमध्ये, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळणाऱ्या प्रकारात, घ्या, तासाला तीसेक जीबी जातात पण नंतर काम करता येतं. चित्र वरच्या बाजूला वाकडं होऊन लचकत असेल तर व्हीसीआर आणि कॅप्चर यांच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावून बघा, पुष्कळदा स्थिर होतं. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात त्या डीइंटरलेस करून, म्हणजे एका फ्रेममध्ये गुंतलेली दोन अर्धी चित्रं सुटी करून, जातात, करताना ५० फ्रेम ठेवा, हालचाल टीव्हीवर दिसायची तशीच दिसते. आणि चित्र चौकोनीच राहू द्या. मोठ्या टीव्हीवर भरावं म्हणून रुंदीला ताणणारे लोक मला कळत नाहीत, मालिकेतले सतीश शाह मुळात भरदार होते, त्यांना आणखी किती भरायचं.

सतीश शाहांवरून आठवलं. लेबलवर नुसते नंबर असतात, मग कुठला भाग कुठला हे ओळखायचं कसं? या मालिकेत ते सोपंय, कारण शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी घरातले, ते कायम तेच, पण सतीश शाह दर भागात वेगळंच पात्र घेऊन यायचे. त्यामुळे मी फाइलला नाव त्यांच्या अवतारावरूनच देतो, कधी मिशीवरून, कधी कोटावरून, आणि मावशीला फोनवर नुसतं वर्णन केलं तरी ती पुढचं सांगते. लिहिणारे शरद जोशी, म्हणजे हिंदीतले व्यंगकार, शेतकरी संघटनेवाले नव्हेत, हे मला घरात तीनदा सांगावं लागलं.

काकांच्या हातून सुटलेल्या जाहिराती कापू नका. एका ठिकाणी पॉज करायला त्यांना उशीर झालाय आणि विको वज्रदंतीचा एक तुकडा तसाच राहिलाय, आमच्या घरात भागापेक्षा तोच जास्त वेळा बघितला गेला. केळवणही आहे त्याच कॅसेटच्या शेवटी, कुणीतरी कॅमेरा भाड्याने आणून शूट केलेलं, मंगलाताई अख्खा वेळ ताटाकडे बघतेय.

फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, उभ्या, कोरड्या कपाटात, माळ्यावर परत नाही.

अकराव्या नंबरची अजून डब्यातच आहे, ती सगळ्यात वाईट, आतून कापसाच्या बोळ्यासारखी दिसते. मावशी रोज विचारते. दाणे दोनदा बदलले तरी अजून गुलाबी होतायत, म्हणजे पुढचा आठवडाभर तरी तिला हात लावत नाही.